खोकल्यावर लघवी सुटते आणि अंग खाली आल्यासारखे वाटते: फिजिओथेरपीने खरोखर फरक पडतो का?

कृष्णाकाठ (वाळवा तालुका, जि. सांगली)

नमस्कार. माझे वय ४३ आहे. दोन बाळंतपणे झाली असून पहिल्या वेळी बाळ अडल्यामुळे चिमटा लावावा लागला होता आणि टाकेही बरेच पडले होते. गेली काही वर्षे खोकला किंवा शिंक आली, किंवा वैरणीचा भारा उचलून डोक्यावर घेतला की थोडी लघवी सुटते. आधी हे फक्त सर्दी-पडशाच्या दिवसांत होत असे, म्हणून मी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. यंदा मात्र उसाच्या लागणीच्या कामानंतर संध्याकाळी योनिमार्गात काहीतरी खाली उतरल्यासारखे जड वाटू लागले आहे, आणि रात्री आडवे झाल्यावर तो जडपणा कमी होतो. लग्नकार्यात, एसटीच्या प्रवासात आणि देवदर्शनाला जाताना मनावर सतत दडपण असते.

जवळच्या गावातील डॉक्टरांनी तपासून "अंग थोडे खाली आले आहे, पिशवी काढून टाका, म्हणजे प्रश्नच मिटेल" असे सांगितले. माझ्या जाऊबाईंनी मोबाइलवरील व्हिडिओ पाहून लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा व्यायाम सुचवला. तो मी करते आहे, परंतु फरक जाणवत नाही. या तक्रारीवर फिजिओथेरपी असते, असे नुकतेच माझ्या वाचनात आले. तिथे नेमके काय करतात, आतून तपासणी करावीच लागते का, किती दिवसांत गुण येतो आणि शस्त्रक्रिया टळू शकते का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती. घरात हा विषय मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून इथे विचारत आहे.

मिरजेची फिजिओ

ताई, नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट असून बाळंतपणानंतरच्या आणि रजोनिवृत्तीच्या काळातील स्त्रियांच्या अशाच तक्रारींवर काम करते. तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते: होय, फरक पडतो, आणि तुमच्यासारख्या तक्रारीत हा शस्त्रक्रियेच्या आधी करून पाहायचा उपचार आहे. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रीला तज्ज्ञाच्या देखरेखीखाली किमान ३ महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा पहिला उपचार म्हणून द्यायचा असतो. आपल्याकडे तो अनेकदा सांगितलाच जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. यालाच पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय यांना खालून आधार तिचाच असतो, आणि मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग हे तिन्ही तिच्यातूनच बाहेर पडतात. खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो. त्याच क्षणी हे स्नायू आकसून वर उचलले गेले तर मूत्रमार्ग दाबून बंद राहतो, आणि ते उशिरा आकसले किंवा त्यांच्यात पुरेसा जोर उरला नसेल तर लघवी सुटते. बाळंतपणात हे स्नायू फार ताणले जातात, आणि चिमटा लावलेल्या बाळंतपणात त्यांचा काही भाग हाडापासून सुटण्याचा धोका अधिक असतो. म्हणूनच तुमच्या बाबतीत व्हिडिओ पाहून व्यायाम सुरू करण्यापेक्षा, स्नायूंची आजची स्थिती काय आहे, हे आधी कुणीतरी हाताने तपासून पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते.

पहिल्या भेटीत बराचसा वेळ बोलण्यातच जातो. लघवी कोणत्या हालचालीने सुटते, घाईची लघवी लागून संडासापर्यंत पोहोचता येत नाही असेही होते का, पोट साफ होते का, कुंथावे लागते का, संबंधाच्या वेळी दुखते का, बाळंतपणे कशी झाली, हे सर्व विचारले जाते. ३ दिवस दर वेळी किती पाणी किंवा चहा प्यायला, केव्हा आणि किती लघवी झाली, केव्हा सुटली, याची वहीत नोंद करायला सांगतात. मोजण्यासाठी घरातले एखादे मापाचे जुने भांडे वेगळे ठेवले तरी चालते. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु माझ्या अनुभवात निम्मे निदान त्या वहीतच असते.

आतून तपासणी करण्याआधी तुमची संमती घेतली जाते, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार थांबत नाही. संमती दिलीत तर हातमोजा घालून एक बोट योनिमार्गात ठेवून तुम्हाला स्नायू आवळायला सांगतात. त्यावरून स्नायूंचा जोर ० ते ५ या श्रेणीत मोजता येतो, आवळलेले किती सेकंद टिकते हे कळते, आणि आवळल्यानंतर स्नायू पूर्ण सैल होतात की नाही हेही समजते. दवाखान्यात योनिमार्ग उघडून पाहण्यासाठी वापरले जाणारे चमच्यासारखे धातूचे साधन यात लागत नाही. स्त्री थेरपिस्ट मागण्याचा आणि सोबत आपले माणूस बसवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आतून तपासणी नकोच असेल, तर बाहेरून पाहून किंवा पोटावरून सोनोग्राफी करून स्नायू कसे हलतात याचा अंदाज घेता येतो, मात्र त्याला बोटाच्या तपासणीइतकी नेमकेपणाची जोड नसते.

आता व्यायामाविषयी. लघवीची धार मध्येच थांबवण्याचा व्यायाम कृपया बंद करावा. योग्य स्नायू ओळखण्यासाठी कधीतरी एकदा तसे करून पाहिले तर चालते, पण रोज केल्यास मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागू शकते. हे व्यायाम डॉ. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली मांडले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. स्वतः केगेल स्त्रीला तपासून, योनीत ठेवायच्या दाबमापकाचा आधार घेऊन ते शिकवत असत, ही गोष्ट मात्र व्हिडिओंमध्ये बहुधा गळून जाते. १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला सांगितला, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना तो योग्य रीतीने जमला आणि सुमारे चौथाई स्त्रिया असा जोर लावत होत्या, की ज्याने त्रास उलट वाढू शकला असता. त्या आवळण्याऐवजी खाली कुंथत होत्या. ज्या स्त्रीचे अंग आधीच खाली येत आहे, तिने रोज नियमाने कुंथत राहणे म्हणजे काय, याची आपण कल्पना करू शकता.

योग्य रीत अशी. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, श्वास चालू ठेवावा, आणि वायू सुटू नये म्हणून आवळतो तसे गुदद्वाराकडून सुरुवात करून ते आवळणे पुढे मूत्रमार्गापर्यंत आणून सगळे आत-वर उचलावे. त्या वेळी नितंब, मांड्या आणि वरचे पोट सैल असले पाहिजे, आणि श्वास कोंडला जात असेल तर जोर चुकीच्या ठिकाणी लागतो आहे असे समजावे. जितके सेकंद नीट धरता येईल तितकेच धरून, तितकाच किंवा त्याहून अधिक वेळ पूर्ण सैल सोडावे. पुष्कळ जणींना सुरुवातीला ३-४ सेकंदच जमते आणि त्यात काही वावगे नाही. हळूहळू ते १० सेकंदांपर्यंत न्यायचे असते. एका वेळी किमान ८ वेळा आणि दिवसातून ३ वेळा, हे सर्वसाधारण प्रमाण आहे. त्यासोबत चटकन आवळून चटकन सोडण्याचाही सराव करावा लागतो, कारण शिंक येते तेव्हा स्नायूला तयारीला वेळ मिळत नाही. झोपून जमले की बसून, मग उभे राहून आणि शेवटी वाकताना-उचलताना तो करायचा असतो. तुमची लघवी झोपून सुटत नाही, भारा उचलताना सुटते, त्यामुळे व्यायाम तिथपर्यंत पोहोचलाच पाहिजे. याखेरीज खोकला येणार असे जाणवताच आधी स्नायू आवळून धरावेत आणि मग खोकावे. ही युक्ती स्नायूंचा जोर वाढण्याची वाट न पाहता आजपासूनच उपयोगी पडू शकते.

गुण येण्यास साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, कारण कोणत्याही स्नायूला बळ यायला तेवढा काळ जातोच. अंग खाली येण्याच्या तक्रारीत तर किमान १६ आठवडे धीर धरावा. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ४४७ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १६ आठवड्यांत ५ वेळा थेरपिस्टला भेटून व्यायाम करणाऱ्या स्त्रियांच्या जडपणाच्या आणि खाली उतरल्याच्या तक्रारी, फक्त माहितीपत्रक मिळालेल्या स्त्रियांपेक्षा अधिक कमी झाल्या. अंग योनिद्वाराच्या बाहेर आले असेल तर केवळ व्यायामाने ते परत जागेवर जाईल असे मी सांगणार नाही. परंतु "थोडे खाली" असताना, आडवे झाल्यावर बरे वाटते अशा अवस्थेत, व्यायामाला चांगली संधी असते.

पिशवी काढण्याबाबत मला थोडे कठोरपणे लिहावे लागेल. खोकताना लघवी सुटणे हा मूत्रमार्गाला आणि मूत्राशयाच्या मानेला मिळणाऱ्या आधाराचा दोष आहे. गर्भपिशवी काढल्याने तो आधार परत मिळत नाही. पुढे गेलेल्या अवस्थेत अंग वर बांधून घेण्याची शस्त्रक्रिया पिशवी काढून किंवा न काढताही केली जाते आणि कित्येक स्त्रियांना ती खरोखर लागते, तेव्हा शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. मात्र पिशवी काढल्यावरही योनीचा वरचा भाग पुढे खाली उतरू शकतो, आणि सोबत दोन्ही अंडाशयेही काढली गेली तर रजोनिवृत्ती तत्काळ ओढवते. ४३ व्या वर्षी हा निर्णय घेण्यापूर्वी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे आणि "कोणते अवयव, किती श्रेणीने खाली आले आहेत" हे कागदावर लिहून मागावे. त्यासाठी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा स्त्रीरोग विभाग तुम्हाला जवळ पडेल. कऱ्हाडला कृष्णा अभिमत विद्यापीठाचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. कुठेही गेलात तरी थेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का आणि या स्नायूंच्या तपासणीचे वेगळे शिक्षण त्यांनी घेतले आहे का, हे निःसंकोच विचारावे.

माउलीची वारकरी (फलटण)

ताई, माझी तक्रार तुमच्याहून थोडी वेगळी होती, पण वहीतल्या नोंदीबद्दल वर जे लिहिले आहे त्याला मी दुजोरा देते. मला खोकताना नव्हे, तर अचानक इतकी घाईची लघवी लागत असे, की दाराचे कुलूप उघडेपर्यंतही धीर निघत नसे. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते तेव्हा पुढे पंढरपूरपर्यंत चालावे ही माझी जुनी इच्छा होती, पण वाटेत सोय नसेल तर काय, या भीतीने मी जात नव्हते. त्या भीतीपायीच पाणी पिणे कमी केले होते. थेरपिस्टबाईंनी समजावले, की पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते आणि मूत्राशय अधिकच चिडते, शिवाय बद्धकोष्ठ होऊन कुंथावे लागते ते वेगळेच.

माझ्या उपचारात मूत्राशयाला पुन्हा सवय लावण्यावर भर होता. घाई लागली की धावत न जाता आहे तिथे थांबायचे, स्नायू भरभर काही वेळा आवळायचे, लांब श्वास घेऊन ती लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचे. दोन वेळांमधले अंतर थोडे थोडे वाढवत न्यायचे. "जाता जाता उगाच एकदा जाऊन येऊ" ही सवय सोडायची आणि चहा कमी करायचा. हा क्रम निदान ६ आठवडे तरी पाळावा लागतो असे त्यांनी आधीच बजावले होते. सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले, पण फरक पडला, आणि पुढच्या आषाढीला मी बरडपर्यंत चालले.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी

मी ६८ वर्षांचा पुरुष आहे, आणि या चर्चेत लिहिण्याचे कारण एवढेच, की हा त्रास केवळ स्त्रियांचा आहे असा गैरसमज राहू नये. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी माझी ग्रंथी काढल्यानंतर लघवीची नळी निघाली आणि त्या दिवसापासून गळती सुरू झाली. उभे राहताना, खुर्चीवरून उठताना, नातवाला उचलताना. साताऱ्यात घरोघरी ओळखी आहेत, त्यामुळे बाहेर पडणेच मी बंद केले होते. ही गळती बहुतेकांच्या बाबतीत वर्षभरात हळूहळू कमी होत जाते असे शल्यचिकित्सकांनी सांगितले होते, पण त्या काळात स्वतः काय करायचे हे मला फिजिओथेरपीत समजले. पुरुषांमध्येही हेच स्नायू असतात आणि आवळण्याची रीत जवळपास तीच असते. शस्त्रक्रिया ठरलेली असेल त्यांनी हा व्यायाम आधीपासूनच शिकून घ्यावा, कारण नळी निघाल्यावर घाबरलेल्या मनःस्थितीत नवीन काही शिकणे जड जाते. ताई, तुम्ही विचारलेत हे फार चांगले केलेत. आमच्या घरात माझ्या आईने हा त्रास आयुष्यभर कुणाला न सांगता सोसला, हे मला तिच्या पश्चात बहिणीकडून कळले.

विट्याची लेक

वरील सर्व सल्ला योग्य आहे, पण वाचणाऱ्या इतर मुलींसाठी एक गोष्ट जोडावीशी वाटते. प्रत्येकीचे स्नायू ढिलेच असतात असे नाही. लग्नानंतर मला संबंधाच्या वेळी असह्य वेदना होत, लघवी अडखळत होई आणि शौचाला फार जोर करावा लागे. एका ओळखीच्या बाईंनी "केगेल कर" असे सांगितले आणि त्याने दुखणे वाढले. तपासणीत कळले, की माझे स्नायू सतत आवळलेलेच राहतात, त्यांना सैल होता येत नाही. त्यामुळे माझा उपचार अगदी उलटा होता: पोटात खोल श्वास घेत स्नायू खाली सैल सोडण्याचा सराव, मांड्यांचे आणि नितंबांचे ताण देणारे व्यायाम, आतून हलक्या हाताने गाठी मोकळ्या करणे, आणि पुढे लहान-मोठ्या मापांच्या नळ्यांनी योनिमार्गाला, माझ्याच हाताने आणि माझ्याच गतीने, सवय करणे. सासरी "हिला मूल नको आहे" असे बोलले जात होते तेव्हा थेरपिस्टनी माझ्या पतींना समोर बसवून, हा स्नायूंचा आजार आहे आणि तो बरा होतो, असे समजावले. त्या एका संभाषणाने माझे घरातले दिवस पालटले. म्हणून दुखत असेल तर तपासणीशिवाय आवळण्याचे व्यायाम करू नयेत.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे मी जाऊबाईंनाही वाचून दाखवली, तेव्हा त्यांनाही शिंकताना हाच त्रास होतो, असे त्या प्रथमच बोलल्या. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी मिळून मिरजेला जाणार आहोत. एक अडचण मात्र उरते. घरी चार जनावरे आहेत, वैरण रोज आणावीच लागते आणि लागणीचे, भांगलणीचे दिवस टाळता येत नाहीत. व्यायामाचा गुण येईपर्यंत ३-४ महिने वजन उचलणे बंद करणे मला शक्य नाही. अशा वेळी काय करावे?

मिरजेची फिजिओ

ताई, काम बंद करा असे मी सांगणार नाही, कारण ते पाळता न आल्याने स्त्रिया उपचारच सोडून देतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. भारा लहान बांधून खेपा वाढवाव्यात. डोक्यावर देताना दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी, कारण सर्वांत जास्त दाब जमिनीवरून उचलण्याच्या क्षणी येतो. उचलण्याआधी स्नायू आवळून वर घ्यावेत आणि उचलताना श्वास रोखून न धरता तोंडाने सोडावा. भांगलण तासन्‌तास उकिडवे बसून न करता मधून मधून उठावे, आणि दुपारी अर्धा तास आडवे होऊन पाय उशीवर ठेवावेत, म्हणजे संध्याकाळचा जडपणा बराच कमी होईल. चुलीच्या धुराने जुना खोकला असेल तर त्यावर आधी उपचार घ्यावेत, आणि शौचाला कुंथावे लागू नये म्हणून पाणी, पालेभाज्या आणि भाकरीसोबत उसळी वाढवाव्यात. वजन जास्त असेल तर तेही विचारात घ्यावे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ८ टक्के वजन उतरलेल्या स्त्रियांचे लघवी सुटण्याचे प्रसंग जवळपास निम्मे झाले होते.

लागणीच्या हंगामापुरता आधार हवा असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना पेसरीबद्दल विचारा. ही सिलिकॉनची मऊ कडी असते. तुमच्या मापाची निवडून योनिमार्गात बसवली की ती खाली येणारे अंग वर धरून ठेवते. तिला शस्त्रक्रिया लागत नाही. ठरलेल्या मुदतीने ती काढून स्वच्छ करून तपासून घ्यावी लागते, आणि बऱ्याच स्त्रिया ती स्वतः काढायला-घालायला शिकतात. पेसरी घालून व्यायामही चालू ठेवता येतो.

मिरजेला जाईपर्यंत पुढीलपैकी काहीही झाले तर मात्र थांबू नका, थेट रुग्णालयात जा: लघवीतून रक्त येणे, ताप येऊन लघवीला जळजळ होणे, लघवी अजिबात न होणे, रात्रंदिवस न थांबता गळत राहणे, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे. आणि जाताना ३ दिवसांची वही दोघींनीही भरून न्या. जाऊबाईंची वेगळी, तुमची वेगळी.